कोरा रकाना म्हणजे 'सर्व ठीक' नव्हे

हृदयाचे ठोके फार मंदावले की डॉक्टर पेसमेकर बसवायला सांगतात. हे यंत्र आता आपल्या वस्त्यांना अनोळखी राहिलेले नाही. कोणाचे आजोबा, कोणाची मावशी त्याच्या आधाराने चालत-फिरत आहेत. परंतु यंत्र बसवल्यावर त्याची नोंद कोण ठेवतो आणि त्या नोंदीचा गोरगरिबांशी काय संबंध, हे आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नसते. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही हेच काम करतो, म्हणून आमच्या बंधू-भगिनींसाठी हे चार शब्द.

शरीरात पेसमेकर बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये झाली. तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगला. यंत्राची डबी छातीच्या वरच्या भागात कातडीखाली असते. तिच्यातून निघालेली तार, जिला डॉक्टर लीड म्हणतात, शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेऊन तेथे अडकवतात. सुरुवातीच्या दिवसांत खरी काळजी या तारेची. तिचे टोक जागचे हलले तर डबी चालू असूनही ठोका पडत नाही आणि माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो.

आमचे काम म्हणजे केस पेपर वाचून त्यातील मजकूर आकड्यांत उतरवणे. तार वरच्या कप्प्यात आहे की खालच्या, खालच्या कप्प्यात टोकाशी आहे की मधल्या पडद्यावर, ठोका पाडायला किती व्होल्ट लागले, तारेचा विद्युत-रोध किती ओहम, हे प्रत्येकाचे वेगळे रकाने. त्यानंतर परिणाम : तार सरकली का? फुप्फुसाला इजा झाली का? जखमेत पू झाला का? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का? 'झाले नाही' यासाठी ०, 'झाले' यासाठी १ आणि 'माहीत नाही' यासाठी ९. अनेक रुग्णालयांच्या अशा नोंदी एकत्र केल्या की कोठे तारा जास्त सरकतात, कोणत्या रुग्णांना धोका अधिक आहे, हे उमगते. अशा सामाईक नोंदणीला रजिस्ट्री म्हणतात.

सगळी मेख ० आणि ९ यांच्यामध्ये आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तपासणीची तारीख देतात. पगारी रजा असलेला नोकरदार त्या दिवशी येतो. नाक्यावर उभा राहणारा मजूर येत नाही, कारण एक दिवसाचा रोज बुडतो. गावाकडची बाई येत नाही, कारण एस.टी.चे भाडे आणि सोबतीला येणाऱ्या मुलाचा खाडा परवडत नाही. त्यांचा रकाना कोरा राहतो. मग कोणीतरी सहज म्हणते, "तक्रार आली नाही ना? मग शून्य टाका."

एका मोलकरीण बाईच्या केस पेपरवर हाच प्रश्न उभा राहिला. ती तारखेला आली नव्हती. वरिष्ठांचे मत शून्याचे होते. आम्ही म्हटले, "साहेब, आधी फोन करून पाहू." नंबर शेजाऱ्याचा निघाला. चार वेळा फोन केल्यावर बाईची सून भेटली. बाई आठव्या दिवशीच कामावर गेली होती. हात वर करून माळ्यावरची भांडी काढताना तिला भोवळ आली. जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात तार सरकल्याचे आढळले व पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तेथे तिचे नाव सासरच्या आडनावाने लिहिले होते, आमच्याकडे माहेरच्या. कागदोपत्री त्या दोन निरनिराळ्या बाया होत्या. तेथील डिस्चार्ज कार्डाची प्रत मागवून आम्ही शून्याऐवजी १ लिहिला. वरिष्ठ म्हणाले, "आपला आकडा वाईट दिसेल." त्यांची चिंता अगदीच खोटी नव्हती. जो विचारतो त्याच्याकडे दोष दिसतात. जो विचारतच नाही त्याचा तक्ता स्वच्छ दिसतो. परंतु त्या तक्त्यात शून्य पडले असते, तर आठवडाभरात कामावर जावे लागणाऱ्या बाईचे दुखणे कोणाच्याच हिशेबात आले नसते.

केस पेपर वाचल्याने काय साधते, याचा दाखला डेन्मार्क देशात आहे. तेथे १९८२ पासून देशभरची पेसमेकर नोंदणी चालते. मे २०१० ते एप्रिल २०११ या एका वर्षात पेसमेकर व तत्सम यंत्रांच्या शस्त्रक्रिया झालेल्या ५,९१८ रुग्णांचे कागद संशोधकांनी तपासले. ९.५ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला होता. २.४ टक्के रुग्णांवर तारेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. स्त्रिया, वजन कमी असलेले आणि अवेळी तातडीने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना धोका अधिक होता. शस्त्रक्रियांचा सराव कमी असलेल्या डॉक्टरांच्या हातूनही तो वाढत होता. हे वाचताना आमच्या वस्तीतील किडकिडीत, कष्टकरी आया-बहिणी आमच्या डोळ्यांपुढे आल्या.

मोजणीचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडताना बाबासाहेबांनी आकड्यांचाच आधार घेतला. १९३२ च्या लोथियन समितीपुढे काही प्रांतांतील मंडळींनी आपल्याकडे अस्पृश्य फारच थोडे असल्याचे सांगितले. ज्याची गणतीच नाही त्याला हक्क कशाला द्यायचे, हा त्यामागचा डाव बाबासाहेबांनी ओळखला व उघडा पाडला. रुग्णालयातला कोरा रकाना शून्याने भरताना कोणाच्या मनात डाव नसेलही, पण गरीब माणूस हिशेबातून गळतो तो तसाच. तथागतांनी आजारी, दुर्लक्षित भिक्खूला स्वतः धुऊन-पुसून त्याची शुश्रूषा केली. त्यांनी आधी त्याची विचारपूस केली होती. आमचा फोन ही त्या विचारपुशीचीच छोटी रीत आहे, असे आम्ही मानतो.

ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांना आमची विनंती. रुग्णालयात एकच नाव, आधार कार्डावर असेल तसेच लिहून द्या. दोन फोन नंबर द्या. यंत्राचे कार्ड जवळ बाळगा आणि दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर ते दाखवा. डॉक्टर सांगतील तितके आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका. मात्र खांदा अगदी जखडूनही ठेवू नका. चक्कर, बेशुद्धी, न थांबणारी उचकी, जखमेला लाली किंवा पू दिसल्यास तारखेची वाट न पाहता जा. आणि रेकॉर्ड रूममधून फोन आला तर "सगळं बरं आहे" असे संकोचाने सांगून ठेवू नका. जे घडले ते सांगा. तुमच्या सांगण्याने उद्या दुसऱ्या कोणाची तार जागेवर राहील.

जयभीम!