ठिणगी आहे, पेट्रोल आहे, स्कूटर चालू नाही

इंजिन बदलून आणलेली स्कूटर चालू होत नसेल तर किक मारत बसू नये. आधी गॅरेजचं बिल शोधावं. हे वाचून तुम्ही म्हणाल, बिलाचा आणि स्कूटरचा काय संबंध? सांगतो. पण त्याआधी पेशंटची ओळख.

आमच्या घरी १९९० सालची चेतक आहे. टू-स्ट्रोक, डाव्या हातात गिअर, पायाने किक. आईबाबांच्या लग्नाआधीची आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणजे घरात तिचा मान माझ्या वरचा. (जानेवारी २०२० पासून रस्त्यावर आलेली चेतक विजेवर चालते, तिला ना किक ना कार्बोरेटर. तिचा आणि आमचीचा संबंध फक्त नावापुरता.) जुन्या इंजिनाचा सिलिंडर इतक्या वेळा बोअर झाला होता की आणखी बोअर करायला जागाच उरली नव्हती. क्रँकही वाजत होता. मग नाना पेठेतून दुसऱ्या चेतकचं इंजिन घेतलं, पावतीवर इंजिन नंबर लिहून. हे त्यामानाने नवं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवालं. आमचं जुनं होतं पॉइंटवालं. घराजवळच्या एका गॅरेजने ते चार दिवसांत बसवून दिलं आणि पाचव्या दिवशी फोन आला, "साहेब, बसवलंय सगळं, पण चालू होत नाहीये. सीडीआय, कॉइल, कार्बोरेटर बदलावं लागेल. चारेक हजार धरा."

गाडी टेम्पोत घालून घरी आणली.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त रात्री जेवताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात रजिस्ट्रेशन संपतंय. आरटीओत ढकलत न्यायची का? त्यापेक्षा देऊन टाकू भंगारात." आणि वरण वाढून घेतलं. बाबांचं असं असतं. जी गोष्ट मनाला लागते ती ते हिशेबाच्या आवाजात बोलतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे नूतनीकरण असतं. पर्यावरण कर भरा, गाडी तपासणीला न्या. आत्तापर्यंत प्रत्येक वेळी ती स्वतःच्या चाकांवर गेली होती. म्हणजे माझ्याकडे चार शनिवार-रविवार होते. थोडक्यात, डेडलाइन!

आता टू-स्ट्रोक इंजिनला चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण, ते दाबलं जाणं आणि ठिणगी. ऑफिसात दोनशे मायक्रोसर्व्हिसेसच्या गर्दीत बग शोधणाऱ्या माणसाला तीन गोष्टी म्हणजे चैनच की! पहिल्या शनिवारी बसलो.

पेट्रोल: दहा किका मारून प्लग काढला. ओला. म्हणजे टाकीतून कार्बोरेटर, कार्बोरेटरमधून आत, हा सगळा रस्ता मोकळा आहे. कार्बोरेटर बदलण्याचे पैसे तिथेच वाचले. दाब: प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला, बाबांनी हाताने हळूच किक दाबली, अंगठा उडाला. ठीक. ठिणगी: प्लग कॅपमध्ये घालून सिलिंडर हेडला टेकवला आणि किक मारली. काही नाही. अंधारात बघितलं, तरी नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण आपल्या डोक्यात घरातला दिव्याचा स्विच असतो. तो सर्किट तोडतो आणि दिवा जातो. या स्कूटरचं इंजिन बंद करायचं बटण बरोबर उलटं चालतं. मॅग्नेटच्या कॉइलमध्ये फिरण्यामुळे वीज तयार होतच राहते. बटण दाबलं की ती वीज थेट गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे अर्थला सोडली जाते, प्लगपर्यंत पोचतच नाही. म्हणजे इंजिनातून येणारी ती एक वायर कुठेही सांगाड्याला टेकली, की गाडी कायमची बंद. बटण न दाबताच.

मग ती वायर इंजिनाच्या बाजूने सोडवली आणि किक मारली. टिक! निळी, स्वच्छ ठिणगी. सीडीआय आणि कॉइल दोन्ही जिवंत! आता गाडीच्या बाजूच्या टोकाला मल्टिमीटर लावला, दुसरी पिन सांगाड्याला. बीप. बटणाला हात न लावता बीप.

कारण साधं निघालं. गॅरेजमधल्या मुलाने रंग बघून वायरी जोडल्या होत्या. जुन्या वायरिंगमध्ये त्या रंगाची वायर अर्थची होती, नव्या इंजिनात तोच रंग बंद करायच्या वायरचा. दोन सिस्टिम्समध्ये फील्डचं नाव एकच आणि अर्थ वेगळा... इंटिग्रेशनमध्ये काम केलेल्यांनी इथे एक सुस्कारा सोडावा. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला डायग्राम कोणी दाखवलाय? वायर योग्य जागी नेली, टेप लावली. जाता जाता दिव्यांचे बल्बही तपासले. जुनी गाडी ६ व्होल्टची, नवं इंजिन १२ चं. तसंच ठेवलं असतं तर गाडी चालू झाल्यावर पहिल्याच रेसला हेडलाइट गेला असता.

प्लग लावला. गाडी परंपरेप्रमाणे इंजिनाच्या बाजूला आडवी करून पुन्हा सरळ केली. (तीस वर्षं अख्ख्या भारताने हे केलंय, आम्ही कोण अपवाद!) किक. फट्! आणि किकचा दांडा उलटा येऊन पोटरीवर बसला.

पुन्हा किक. फट्, आणि पुन्हा पोटरी.

दुसरा शनिवार. पेट्रोल आहे, दाब आहे, ठिणगी आहे. तिन्ही टेस्ट पास, सिस्टिम बंद. सायलेन्सरमध्ये कुंभारणीने घर केलंय का तेही बघितलं. नव्हतं. मी कागदावर वायरिंग काढत बसलो होतो तेवढ्यात बाबा खाली आले. भंगाराचं बोलणं झाल्यापासून पहिल्यांदाच आपणहून पार्किंगमध्ये आले होते. "मार बरं एकदा." मी मारली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"अरे, ही उलटी मारतेय. खंबाटकीच्या अलीकडे पॉइंट सरकले होते तेव्हा अशीच मारत होती. तुझी आई मागे बसली होती."

"पण बाबा, हिला पॉइंटच नाहीयेत."

"पॉइंट नसतील. वेळ तर असेल ना?"

असेलच की! ठिणगी नुसती पडून चालत नाही, पिस्टन वर पोचायच्या जरा आधी, साधारण वीसेक अंश आधी पडावी लागते. मिनिटाला १२०० फेरे धरले तर एक फेरा ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे वीस अंश झाले पावणेतीन मिलिसेकंद. किक मारताना तर वेग फारच कमी. ठिणगी खूप आधी पडली तर वर येणारा पिस्टन धक्का खाऊन मागे फिरतो. आणि मग पोटरी. पण इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये ही वेळ ठरवतं मॅग्नेट, आणि ते क्रँकवर एकाच ठिकाणी बसतं. ते आपोआप कसं सरकेल? कोणी काढल्याशिवाय?

तेव्हा बिल आठवलं. गॅरेजने इंजिन बसवल्याचे पैसे घेताना खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक: ऑइल सील, मॅग्नेट साइड. ते सील मॅग्नेट उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणजे मॅग्नेट निघालं होतं आणि परत बसलं होतं. इतका स्वच्छ कमिट लॉग मला ऑफिसात कधी मिळालेला नाही.

पंख्याचं कव्हर काढलं, नट सोडवला. पुलर शेजारच्या काकांच्या ओळखीतून आला, त्यात एक रविवार गेला. मॅग्नेट ज्या निमुळत्या शाफ्टवर बसतं, त्या शाफ्टला एक खाच असते. खाचेत चंद्रकोरीसारखी बोटाच्या पेराएवढीही नसलेली लोखंडी चावी बसते आणि तीच मॅग्नेटची जागा नेमकी ठरवते. ताकद ती लावत नाही, ती कामं निमुळता शाफ्ट आणि घट्ट नट करतात. खाच रिकामी होती. मॅग्नेट उलटं करून बघितलं तर चावी आतल्या चुंबकाला चिकटून बसलेली, एका कडेने खरवडलेली. बसवताना खाचेतून निसटली असणार, आणि चुंबक तो चुंबकच. वरून नट आवळला गेला, मॅग्नेट हवं तिथे बसलं.

नवी चावी दहा रुपयांना मिळाली. दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून दोन दिल्या. कॉइलवर ओरखडे नाहीत ना ते पाहिलं, शाफ्ट आणि मॅग्नेटची आतली बाजू पेट्रोलने पुसून कोरडी केली, चावी बसवली, मॅग्नेट लावताना आडव्या टॉर्चने चावी जागेवर असल्याची खात्री केली आणि नट आवळला. तिसऱ्या किकला चालू. नवं इंजिन म्हणून लिटरला २० मिली ऑइल मोजून घातलं होतं, तरी निळा धूर इतका की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी आपटून बंद केली. बाबांनी फक्त चोक आत ढकलला आणि हातातला चहा तसाच धरून उभे राहिले.

आता आरटीओचं काम बाकी आहे. आरसीवर जुना इंजिन नंबर आहे, तेव्हा आधी बदललेल्या इंजिनाची नोंद, मग नूतनीकरण. नाना पेठेची पावती फाइलला लावली आहे. जुनं इंजिन बाल्कनीत तुळशीच्या मागे आहे आणि आईने त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. काल संध्याकाळी बाबा खाली जमिनीवर बसून इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत होते. मधला एक आकडा नीट उठत नाहीये. ते म्हणतात आठ, मला तो तीन दिसतो, आणि पावती लिहिणाऱ्याने तो असा काढलाय की दोघांचंही बरोबर वाटावं.