संकासुराचा हशा कोण टिपणार?

आज रात्री जत्रेत दशावतार, हे कोकणातलं लोकनाट्य, टिपायचाय. हातात संहिता नाही. संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतात. कोण कधी बाकड्यावर चढून गरजेल, सांगता येत नाही. त्यामानाने कॅमेऱ्याचं सोपं. एक मागे उंचावर, अख्खा मंच धरून, पहाटेपर्यंत सुरू. शटर 1/50 वर, नाहीतर 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट लुकलुकतात.

खरी गोची आवाजाची. कॉलर माईक भरजरी वेषाखाली खसखसतो, आणि मृदंगावर थाप पडली की शब्द बुडतात. म्हणून मंचाच्या कडेला दोन माईक, पायपेटी-मृदंगाला तिसरा आणि चौथा चक्क प्रेक्षकांकडे तोंड करून. हा चौथा अनेकांना उधळपट्टी वाटतो. वाटो बापडा! नाटकातला विनोदी राक्षस संकासूर मालवणीत टोमणा हाणतो तेव्हा समोरचा हशाच आला नाही, तर उरलं काय? रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवलीय. युद्धाच्या प्रसंगात झांज कडाडली तरी आवाज फाटायला नको.

आणि हो, जत्रेत मोबाइल उंचावणाऱ्यांनो, आधी मंडळाच्या मालकांना विचारा. ही कला त्यांचं पोट आहे.