बेसमेंटमधली गाडी आणि माझी बदगुमानी

शनिवारी संध्याकाळी बेसमेंटमध्ये उतरायचं, चावी फिरवायची, सेल्फ दाबायचा आणि नुसता ‘टक’ असा आवाज ऐकून पुन्हा वर यायचं. या पावसाळ्यात माझे बरेच शनिवार असे गेले.

मी वाकडला भूमकर चौकाच्या बाजूला राहतो, नोकरी चाकण एमआयडीसीत. आधी रोज गाडीनेच जायचो. भोसरी-मोशीच्या ट्रॅफिकपुढे कंबरेने हात टेकले, तेव्हा जूनपासून कंपनीची बस धरली. आता रविवारी रात्री लावलेली गाडी शनिवारपर्यंत जागची हलत नाही.

अब्बांकडे चेतक होती, इथल्या आकुर्डीत बनलेली. तिची बॅटरी मेली तरी किक मारून स्कूटर चालायची. माझ्या गाडीला किकच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोलच्या पंपालाही वीज लागते. बॅटरी गेली की दीडशे किलोचं लोखंड.

गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच निदान केलं, “बॅटरी गेली, नवी टाका.” टाकली. पुढच्याच शनिवारी पुन्हा ‘टक’.

आता नव्या बॅटरीला काय दोष देणार? मग मी माणूस शोधू लागलो. हँडलला मोबाईल चार्ज करायचं यूएसबी सॉकेट आहे. त्याचं रबरी टोपण एकदा उघडं दिसलं. रात्रपाळीला विशीतला एक वॉचमन असायचा, नांदेडकडचा. बसायला त्याला बेसमेंटच्या रॅम्पजवळ खुर्ची. मी मनात दोन अधिक दोन केलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, “रात्री पार्किंगमधल्या गाड्यांवर मोबाईल चार्ज केले जात आहेत, कृपया लक्ष द्यावे.” कुणाचं नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता होती! तासाभरात वीसेक उत्तरं आली. कुणाचं पेट्रोल कमी झालं होतं, कुणाचं हेल्मेट सापडत नव्हतं, सगळं त्याच खात्यात जमा झालं. गुरुवारी रॅम्पजवळच्या खुर्चीत दुसराच माणूस बसलेला. एजन्सीने त्याला दुसरीकडे पाठवलं होतं.

याच वाकडमध्ये भाड्याचं घर शोधताना, नाव सांगितल्यावर “अहो, मालकांनी आत्ताच दुसऱ्याला दिलं” हे दोनदा ऐकलेला माणूस मी. त्यावर तावातावाने लिहिलेलाही मीच. अम्मीला अशा वेळी एकच शब्द सुचतो, बदगुमानी. हा शब्द तेव्हा मला सुचला नाही. सुचला तो पुढच्या शनिवारी, गाडी पुन्हा मेल्यावर. मुलगा गेला होता, चोरी चालूच होती.

काळेवाडीत अब्बांच्या ओळखीचे एक चाचा आहेत, जुने ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांना फोन केला. म्हणाले, “बेटा, गळती शोधल्याशिवाय टाकीत पाणी भरत बसलास. पिंपरी कॅम्पातून एक मीटर घे आणि ये.”

चाचांनी बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. सकाळी १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू करून मोजलं तर १४.१, म्हणजे गाडी बॅटरी नीट भरतेय. राहिला एकच प्रश्न, बंद गाडीत वीज कोण पितंय? त्यांनी चावी काढून खिशात टाकली. बॅटरीची मायनसची वायर सोडवली. नेहमी मायनस आधी, कारण प्लस सोडवताना पाना चेसीला टेकला तर ठिणगी उडते. मग सुटलेली वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर जोडला, आधी दहा अँपिअरवर. आकडा इवलासा आला, तेव्हा पिन बदलून मिलिअँपिअरवर घेतलं. मीटर असा मध्ये असताना सेल्फ दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. हे त्यांनी तीनदा बजावलं. माझ्याबद्दल त्यांचं मत काय असेल ते कळलंच.

मीटरवर ३८. “घड्याळबिड्याळ धरून दोन-तीन चाललं असतं,” चाचा म्हणाले. मग एकेक कपलर सुटू लागला. पहिला रेग्युलेटरचा, कारण पुष्कळदा चोर तिथेच असतो. त्यातला डायोड खराब झाला की बॅटरीतला करंट उलटा वाहून जातो. कपलर काढला, ३८ तसाच. हॉर्न, ३८. मागची लाईट, ३८. मग हँडलकडून येणारी एक बारीक लाल वायर ओढली आणि आकडा धाडकन २ वर आला.

यूएसबी सॉकेट. त्यात मोबाईल नसतानाही आतलं सर्किट जागं असतं आणि रबरी टोपणाखाली एक निळा दिवा जळत असतो. दिवसाला ०.९ अँपिअर-अवर. माझी बॅटरी आहे ५ ची. रविवार रात्र ते शनिवार संध्याकाळ हिशेब करा.

हे सॉकेट दोन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतलेलं. दुकानातल्या पोराने विचारलं होतं, “चावीवर देऊ की डायरेक्ट?” मी म्हणालो होतो, “डायरेक्ट दे.” तेव्हा रोज चाकणला जाऊन-येऊन बॅटरी भरत होती, म्हणून दोन वर्षं गळती दिसली नाही. चाचांनी ती वायर चावीवर घेतली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मागवायला लावला. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती, तीही मी बदलीत देऊन बसलो होतो.

ग्रुपवर लिहिलं, “बॅटरीची चूक माझ्याच गाडीत होती, वॉचमनचा संबंध नव्हता.” तीन अंगठे आले.

रविवारी पुनावळ्याला गेलो. तो एका नव्या इमारतीच्या गेटवर होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, खोटं नाही सांगत. एकदा लावला होता मी मोबाईल. लाईट गेली होती, आईचा फोन यायचा होता. दहा मिनिटं.”

दहा मिनिटांत मोबाईलने जेवढी वीज घेतली असेल, तेवढी माझा सॉकेट एकटाच चार तासांत पीत होता. हे त्याला सांगितलं. त्याला त्यात काही रस नव्हता. त्याची खोली वाकडलाच आहे, इथे यायला रोज रिक्षाचे चाळीस रुपये जातात, हे त्याने मला सांगितलं.

“सुपरवायझरशी बोलतो मी,” म्हणालो.

“बघा सर.”

सुपरवायझरने दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, सोमवारी बोलू म्हणाले. गाडी लागते आता.