मागितलं तेवढंच

जुन्या लॅपटॉपवर आज डेबियन टाकलं. इन्स्टॉलर शेवटाकडे एक यादी पुढे करतो: डेस्कटॉप, वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर, नेहमीची साधनं. डेस्कटॉपवर आधीच खूण असते. स्पेसबारने ती काढली आणि नेहमीची साधनं तेवढी ठेवली. रीस्टार्टनंतर काळा स्क्रीन आणि लॉगिनची एक ओळ. मला हे फार आवडतं. इथून पुढे जे येईल, ते मी मागितलं म्हणून येईल.

उबुंटूने २०१८ साली, १८.०४ आवृत्तीत, असा पर्याय दिला: ब्राउझर आणि गरजेपुरती साधनं. २३.१० पासून तर तोच आधीपासून निवडलेला असतो. योग्यच केलं.

प्रश्न डिस्कवरच्या जागेचा नाहीच. प्रत्येक पॅकेज म्हणजे आणखी एक अपडेट, सुरक्षेत आणखी एक फट राहण्याची शक्यता. शिवाय पॅकेज आणून बसवणारं एपीटी मागितलेल्या पॅकेजबरोबर त्या पॅकेजने शिफारस केलेलीही घेऊन येतं. शिफारशी नकोत, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं.

आईच्या कॉम्प्युटरवर मात्र मी असं करणार नाही. तिला सगळं पहिल्याच दिवशी हाताशी हवं, आणि ते बरोबरच आहे. इथे आता एडिटर आणि गिट टाकते. आवाजाचं उद्या बघू.