आजोबांचा खबूस

आमच्या घरीं तीन रविवार जो उद्योग चालला होता त्यावर वार्षिकांत लिहावें असें आमच्या मराठीच्या गुरुजींनीं सुचविलें, तेव्हां आम्हां दोघां भावंडांस संकोच वाटला. भाकरी भाजणें हा कांहीं निबंधाचा विषय नव्हे. परंतु ही भाकरी आपल्या देशांतील नाहीं, आणि ज्यांच्यासाठीं आम्हीं ती भाजली त्यांनीं ती पूर्वीं कोठें व कोणत्या प्रसंगीं खाल्ली होती हें आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. म्हणून लिहीत आहों.

आमचे आजोबा १९७९ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतून कुवेतला गेले व अकरा वर्षें तेथें सुतारकाम करीत होते. अरब देशांत राहून आलेलीं आपल्याकडील माणसें तेथल्या भाकरीस खबूस म्हणतात. मूळ अरबी शब्द खुब्ज. त्याचा अर्थ भाकरी किंवा पाव एवढाच. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन, जॉर्डन या देशांत हीच गोल व पोटांत पोकळ असलेली भाकरी रोजच्या जेवणांत असते, आणि इंग्रजी पुस्तकांत ती पिटा या नांवानें आढळते. इजिप्तचे लोक आपल्या भाकरीस ऐश म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जगणें असा आहे.

गेल्या पावसाळ्यांत आजोबांस ताप आला. ताप गेला, पण अन्नावरची वासनाही गेली. पेजेचे दोन घोट घेऊन ते वाटी दूर सारीत. आजी रोज कांहीं नवें रांधी व रोज तें तसेंच परत नेई. एके दिवशीं भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "खबूस असता तर खाल्ला असता." आजीला हा शब्द लागला. जिच्या हातची भाकरी जन्मभर खाल्ली तिच्यासमोर असें बोलावें काय! आम्हीं मात्र तो शब्द उचलला.

पहिल्या रविवारीं आम्हीं अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, चमचाभर साखर, दोन लहान चमचे मीठ व थोडें तेल एवढें साहित्य घेतलें. यीस्ट कोमट पाण्यांत कालवावयाचें असतें. ऊन पाण्यानें तें लवकर फुगेल असा तर्क करून आम्हीं चुलीवरचें कढत पाणी त्यावर ओतलें. यीस्ट म्हणजे सूक्ष्म जिवंत बुरशी होय, आणि साठ अंशांच्या उष्णतेंत ती मरते, हें आम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलों होतों! दोन तासांनीं परातींतील गोळा होता तेवढाच होता.

दुसऱ्या रविवारीं कणीक दुप्पट फुगली, आठ गोळे झाले, सारें यथासांग लाटलें. केकसाठीं घेतलेल्या विजेच्या भट्टींत १८० अंशांवर ते पंधरा मिनिटें ठेवले. बाहेर निघाल्या त्या आठ खापऱ्या. आजोबांनीं एक हातांत घेऊन पोळपाटावर वाजविली आणि कांहीं न बोलतां खालीं ठेविली. त्या न बोलण्याचें आम्हांस जितकें वाईट वाटलें तितकें रागावण्याचें वाटलें नसतें.

तोंवर मौन धरून बसलेली आजी तेव्हां म्हणाली, "अरे, तवा तापल्यावांचून मी कधीं भाकरी टाकतें का? आणि कांठ जाड, मध्य पातळ असें थापतें का?"

सारें मर्म त्या दोन प्रश्नांत होतें. खबूस फुगतो तो यीस्टमुळें थोडा आणि वाफेमुळें फार. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला सोळाशें पटींहून अधिक जागा लागते. भट्टी अतिशय तप्त असेल तर खालचा व वरचा पापुद्रा क्षणांत धरतो, आंतील ओलाव्याची वाफ कोंडते व दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. भट्टी मंद असली तर वाफ हळूहळू निघून जाते आणि मागें खापरी उरते. लाटतांना सुरकुती किंवा छिद्र राहिलें तरी तीच गत. आपली तांदळाची भाकरी फुगते ती याच न्यायानें. आजीला हें पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

तिसऱ्या रविवारीं तिचा लोखंडी तवा भट्टींत ठेवून आम्हीं ती २५० अंशांवर अर्धा तास तापविली. गोळे आजीच्या देखरेखीखालीं बोटाच्या अर्ध्या जाडीचे सारखे लाटले व दहा मिनिटें फडक्याखालीं ठेवले. पहिला तव्यावर पडला. एक मिनिट कांहीं झालें नाहीं. मग एका बाजूस फोड आला, तो पसरला, आणि पाहतां पाहतां सबंध खबूस चेंडूसारखा उभा राहिला. धाकट्यानें इतक्या मोठ्यानें आरोळी दिली कीं शेजारचीं माणसें दाराशीं आलीं.

आजोबा उठून स्वयंपाकघरांत आले. त्यांनीं तो ऊन ऊन फाडला, वाफ तोंडावर घेतली आणि बटाट्याची भाजी आंत घालून अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा त्यांनीं घडी करून सदऱ्याच्या खिशांत ठेविला. आम्ही हंसलों. बाबा हंसले नाहींत.

मग आजोबा बोलले. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकचें सैन्य कुवेतमध्यें शिरलें. बाबा त्या वेळीं दहा वर्षांचे होते. महिनाभर गांवीं एक अक्षरही आलें नव्हतें. आजोबा बसनें बसरा, बगदाद व तेथून वाळवंटांतून जॉर्डनच्या सीमेवर पोंचले. हजारों माणसें उन्हांत तंबूंत पडलीं होतीं. दिवसाकाठीं प्रत्येकास भाकरी मिळे, कधीं मिळतही नसे. अर्धी खावी, अर्धी खिशांत ठेवावी, अशी त्यांची रीत पडली. पुढें एअर इंडियाच्या विमानांनीं लाखाहून अधिक भारतीय स्वदेशीं आणले, त्यांपैकीं बहुतेक अम्मानहून. त्यांतच आजोबा होते. "मुंबईस उतरलों तेव्हांही खिशांत तुकडा होता," ते म्हणाले, "पण तो मीं टाकला नाहीं. कोणास दाखविलाही नाहीं." आजी हें पहिल्यानेंच ऐकत होती.

त्याच जॉर्डनच्या ईशान्येस काळ्या दगडांच्या वाळवंटांत, शुबैका येथील चुलींत, सुमारें १४,००० वर्षांपूर्वींच्या भाकरीचे जळके कण सांपडल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. शेती सुरू होण्यापूर्वींचे ते कण. आम्हीं हें आजोबांस वाचून दाखविलें. "तेथें?" ते म्हणाले. "आम्हांस तर बसमधून दगडांशिवाय कांहीं दिसलें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं धुणें भिजवितांना आईस सदऱ्याच्या खिशांत तो अर्धा खबूस मिळाला. ती टाकणार तोंच आजीनें तो घेतला, तव्यावर ऊन केला आणि बशींत घालून आजोबांपुढें ठेविला. त्यांनीं तो सगळा खाल्ला. येत्या रविवारचा मैदा त्यांनीं स्वतः जाऊन आणला आहे. मात्र अर्धा किलोऐवजीं दोन किलो.