लबोर्नचं देणं

अण्णांना पक्षाघात झाला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उभा जन्म एसटीत कंडक्टर राहिलेल्या माणसाजवळ एकच शब्द उरला, ‘चला’. पाणी हवं असलं तरी चला, पाठ दुखली तरी चला. भेटायला येणारी मंडळी त्यांच्या उशाशी बसूनच विचारत, ‘यांना काही कळतं का हो?’

हे बंद पाडलं स्पीच थेरपिस्ट मॅडमनी. पहिल्याच दिवशी आम्हाला बाजूला सारून त्या थेट त्यांच्याशीच बोलल्या. ‘अण्णा, समजतंय सगळं, शब्द तेवढे निघत नाहीत. बरोबर?’ अण्णांनी जोरात मान हलवली. ‘चला!’

मग त्यांनी लबोर्नची गोष्ट सांगितली. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात हा माणूस 21 वर्षं होता. काहीही विचारा, उत्तर ‘तां, तां’. समजायचं मात्र बरंचसं. एप्रिल 1861 मध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा सापडली. त्याचाही उजवा हात-पाय लुळा होता. बहुतेकांची वाचा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि हालचालीचे हुकूम नेणारे तिथले मज्जातंतू मानेच्या जरा वर ओलांडून उजवीकडे जातात.

‘म्हणजे ही जोडीची दुखणी,’ आई म्हणाली. इतकं नेमकं मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

एकदा मॅडम नुसतं ‘स्वारगेट’ म्हणून थांबल्या. अण्णा सुरू झाले, ‘कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, भुईंज, सातारा!’ आम्ही थक्क. लगेच विचारलं, तुमचं गाव कोणतं? ‘चला.’ घोकून तोंडात बसलेली माळ, आरती, शिवी यांची वाट वेगळी आणि मनातलं नवं वाक्य जुळवायची वाट वेगळी. ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने हा फरक एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. माळेतला एकेक शब्द सुटा करून वापरायला लावायचा, हेच पुढे कित्येक महिने चाललं. ‘पाणी’ आलं, ‘नको’ आलं. क्रियापदं फारशी परतली नाहीत.

मॅडमची फी चुकती झाली. लबोर्नचं काय करायचं? त्याचा मेंदू ब्रोकाने चिरला नाही, जपून ठेवला. तो पॅरिसमध्ये आजही आहे. शंभरावर वर्षांनी त्याचा एमआरआय काढला, तेव्हा इजा वरून दिसली त्याहून बरीच खोल निघाली. एवढं सगळं त्याच्याकडून घेतलं, पण ‘देशील का’ असं त्याला विचारल्याचं कुठे वाचनात आलं नाही. पुस्तकांतही तो बहुधा ‘तां’ म्हणूनच भेटतो. निदान आमच्या घरात त्याला नावाने ओळखतात.

आपलं म्हणणं समोरच्याला उमगलं नाही की लबोर्न चिडायचा आणि मग एक खणखणीत शिवी हासडायचा, अशी ब्रोकाची नोंद आहे. दिवाळीत आत्याचे यजमान आले, अण्णांसमोरच म्हणाले, ‘आता यांना काय कळणार!’ अण्णांनी त्यांना जे ऐकवलं ते अख्खं, शुद्ध आणि क्रियापदासकट होतं.