पाषाणाचे दोन निवाडे

बीड जिल्ह्यात गावाची ओळख पुष्कळदा उंचीवरून सांगितली जाते. गेवराई-माजलगावकडचा गोदावरीकाठचा सखल, काळ्याभोर मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी, कारण इथला माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. आणि आष्टी-पाटोद्यापासून केज, धारूर, अंबाजोगाईपर्यंत पसरलेले, वाऱ्याला उघडे पडलेले पठार म्हणजे बालाघाट. या बालाघाटाला माथा आहे, पण शिखर नाही. दूरवरून पाहिले तर टेकड्या वरून एकाच पातळीत तासल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या उतारांवर एकाखाली एक अशा रुंद पायऱ्या उतरत आलेल्या असतात. युरोपातील भूवैज्ञानिकांनी अशा प्रदेशातील खडकाला 'ट्रॅप' हे नाव दिले ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून, आणि दख्खनच्या पठाराचा खडक त्यामुळे जगभर 'दख्खन ट्रॅप' म्हणून ओळखला जातो.

या पायऱ्या कोणी घडवल्या, याचे उत्तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागे जाते. त्या काळी इथे शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी पर्वत धडधडत नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर आलेला वितळलेला खडक, पातळ काकवीसारखा वाहत निघत होता आणि सपाटीवर दूरवर पसरून थिजत होता. असे थर एकावर एक साचत गेले आणि आज शिल्लक आहे तेवढ्यानेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश झाकलेला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि पूर्वेकडे येता येता ती कमी होत जाते. थिजलेल्या या काळ्या, जड खडकाला बेसाल्ट किंवा साध्या बोलीत काळा पाषाण म्हणतात. अंबाजोगाईची हत्तीखान्याची लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत, आणि पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी जिथून खोल दरीत उडी घेते, तो कडाही याच थरांचा आहे.

सगळा बेसाल्ट मात्र सारखा नसतो, आणि हा भेद पुस्तकांच्या आधी विहीर खणणाऱ्याला कळलेला आहे. त्याच्या कुदळीला प्रथम काळी माती लागते, जी बेसाल्टचीच झीज होऊन बनली आहे आणि जिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाण्याने फुगतात व उन्हाने आक्रसतात, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीखाली मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. मग मांजऱ्या, म्हणजे लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिल्याने छिद्राळ झालेला आणि पुढे त्या छिद्रांत पांढरी, चमकदार खनिजे भरून आलेला तुलनेने मऊ थर. कधी त्यानंतर विटकरी रंगाचा गेरूसारखा पट्टा लागतो; लाव्ह्याचे दोन पूर येऊन जाण्यामध्ये जो निवांत काळ गेला, त्यात खालच्या थराचा पृष्ठभाग हवापाण्याने झिजला, आणि वरून आलेल्या तप्त लाव्ह्याने तो भाजून निघाला. शेवटी लागतो तो घट्ट पाषाण, ज्याच्यापुढे कुदळ हरते आणि सुरुंग लावावा लागतो. मऊ थर लवकर झिजतो व घट्ट थर तग धरतो, हीच बालाघाटाच्या पायऱ्यांची सारी कारागिरी आहे.

हा पाषाण जिथे थिजला तिथे मात्र तो राहिलेला नाही. पृथ्वीचे कवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, बनलेले आहे आणि हे भूपट्ट खालच्या तप्त, संथपणे सरकणाऱ्या थरावरून पुढे जात असतात. भारताचा भूपट्ट दक्षिणेकडच्या गोंडवन या प्राचीन महाखंडापासून तुटून उत्तरेकडे निघाला होता, आणि आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या भागातील तप्त स्रोतावरून जाताना त्याच्या पाठीवर हा लाव्हा सांडला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन भिडला, हिमालय उचलला गेला, आणि ती रेटारेटी अजून थांबलेली नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने बीडचा प्रत्येक बांध, प्रत्येक बाभळ उत्तरेकडे सरकते आहे.

या रेट्याचा ताण भूपट्टाच्या कडांवरच साठतो असे नाही. कवचातील जुन्या, दुबळ्या भेगांतही तो साठतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला तो मोकळा झाला. सुमारे ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक जण जाड दगडमातीच्या भिंती व मातीने भरलेली माळवदे अंगावर कोसळून गेले. पुढे तिथे खोल छिद्र घेतले गेले तेव्हा बेसाल्ट सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर व मग अतिप्राचीन खडक लागला. दख्खनचे पठार अचल आहे, हा मराठवाड्याचा जुना विश्वास त्या पहाटे गेला.

या सगळ्या घडामोडींचा बीडशी असलेला सर्वांत जिव्हाळ्याचा संबंध मात्र पाण्याचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडतात. हवा वर चढली की विरळ होऊन थंड होते, थंड हवेत बाष्प मावत नाही, आणि ते पश्चिम उतारावर व माथ्यावर कोसळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तो यामुळे. तीच हवा पूर्वेकडे उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी होते, आणि ढग दिसत असूनही पाऊस देत नाही. डोंगराआडच्या या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात राहते, तीही भरवशाची नाही. मृगात पेरलेले आर्द्रा कोरडी जाऊन करपते, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाले तसे कधी ऐन काढणीत गारपीट होते. उकाड्याने वेगाने वर चढलेल्या हवेत पाण्याचे थेंब गोठण-पातळीच्या वर नेले जातात, तिथे खालीवर झोके घेत बर्फाचे पापुद्रे लेवून जड होतात आणि उभ्या गव्हावर आदळतात.

सह्याद्रीही त्याच लाव्ह्याचा आहे, हे इथे विसरता येत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सांडलेला एकच दगड बीडच्या पाण्याचा निवाडा दोनदा करतो: पश्चिमेला भिंत होऊन पाऊस किती यायचा ते ठरवतो, आणि इथे जमिनीखाली तळ होऊन आलेल्यातला किती राहायचा ते ठरवतो. घट्ट बेसाल्टला वाळूसारखी सलग छिद्रे नसतात. पाणी साठते ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत, आणि शंभर भाग खडकातून जेमतेम एक ते तीन भाग पाणी उपशाला मिळते. विंधनविहीर शेकडो फूट खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही. भेग लागली तर लागली. दसऱ्या-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला घाट उतरून जातात, त्या प्रत्येक जोडीला 'कोयता' हेच नाव पडले आहे; या स्थलांतराचा सगळा दोष दगडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, तरी त्याचा वाटा नाकारता येत नाही.

दगडाचा स्वभाव ओळखून बांधले, तर तो पाणी देतोही. बीडजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर याची साक्ष आहे: भूमिगत बोगद्यांतून पाणी तिच्यात येते, दुसऱ्या बोगद्याने शेतीकडे जाते, आणि दुष्काळातही न आटणारी म्हणून तिची ख्याती आहे. विहीर पाताळापर्यंत नेण्याऐवजी उथळ झिरपा वाटेत गाठण्याची ही युक्ती आजच्या बोअरच्या शर्यतीपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

बालाघाटावर पडलेला पाऊस पुढे तीन वाटांनी जातो. उत्तर उतारावरचा बिंदुसरा-सिंदफणेतून थेट गोदावरीला मिळतो. पश्चिमेचा सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला. आणि पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर, बीदर, तेलंगण असा सातशे किलोमीटरहून लांब वळसा घालून, शेवटी उत्तरेकडे वळून पुन्हा गोदावरीलाच भेटते. तिन्ही वाटा बंगालच्या उपसागरात संपतात. त्याच उपसागरावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात कमी दाबाची क्षेत्रे, म्हणजे भोवतालची दमट हवा ओढून घेणारे वाऱ्यांचे भोवरे, तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात. या वाटेवर सह्याद्रीची भिंत आडवी येत नाही, आणि हस्ताचा पाऊस दुपारच्या गडगडाटासह घाटावर उतरतो, तेव्हा ज्वारीच्या पेरणीसाठी राखून ठेवलेल्या काळ्या रानातल्या भेगा एकेक करून मिटू लागतात.